तेल लावून कुठे निघालीस?

न्यू जर्सीच्या आत्याची बॅग ठाण्यात उघडली की आतून काय काय निघणार, हे घरातल्यांना आता पाठ झालं आहे. बदाम, चॉकलेटं, आजोबांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बरणी आणि कुणालाच न होणारे टी-शर्ट. यंदा मार्चमध्ये त्यात एक नवी वस्तू निघाली : भाचीसाठी परफ्यूमची बाटली. आत मधाच्या रंगाचा द्रव, खोक्यावर ताडाचं झाड. भाचीने मनगटावर एक फवारा मारला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बीच!"

आजी स्वयंपाकघरातून डोकावली. "एवढं तेल थापून कुठे निघालीस? आज न्हायचंय का?"

आजोबांनी पेपर खाली करून विचारलं, "वड्या नुसत्या खोबऱ्याच्या की आंबा घातलाय?"

आत्याने सगळ्यांना समजावलं, की हा सनस्क्रीनचा वास आहे. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून तिकडचे लोक समुद्रावर जे क्रीम फासतात, त्याच्या वासाचं हे अत्तर. आजीने क्षणभर विचार केला. "मग क्रीमच का नाही लावत?"

या प्रश्नावर परफ्यूमच्या धंद्याने आजवर भरपूर पैसे मिळवले आहेत, उत्तर मात्र दिलेलं नाही. एस्टी लॉडर कंपनीने २००६ साली टॉम फोर्ड या फॅशन डिझायनरच्या हातून 'अझुरे सोलेई' काढलं आणि २००८ साली 'ब्राँझ गॉडेस'. दोन्हींत नारळ आणि ताहितीचं फूल. टॉम फोर्डने पुढे २०१६ साली स्वतःच्या नावाने 'सोलेई ब्लाँ' आणलं. त्यातही नारळ. गेरलँ या जुन्या फ्रेंच घराण्याने तर आपल्या 'तेराकोता' नावाच्या पावडरीला, म्हणजे ऊन न लागता ऊन लागल्यासारखं दिसण्याच्या पावडरीला, तीस वर्षं झाली म्हणून २०१४ साली त्याच नावाचं परफ्यूम केलं. आधी ऊन लागल्यासारखं दिसायचं, मग ऊन लागल्यासारखा वास मारायचा. प्रत्यक्ष उन्हात जायची गरज कुठेच नाही.

यातला खरा वल्ली न्यूयॉर्कचा ख्रिस्तोफर ब्रोसियस. हा माणूस परफ्यूम करतो आणि त्याच्या कंपनीचं नाव आहे 'आय हेट परफ्यूम'. एखाद्या हलवायाने दुकानावर 'मला गोड आवडत नाही' अशी पाटी लावावी, तसं. त्याच्या एका परफ्यूमचं नाव 'अ‍ॅट द बीच १९६६'. त्यात काय काय आहे, तर ओली वाळू, शिंपले, वाहून आलेलं लाकूड, किनाऱ्यावरच्या लाकडी फळ्यांचा रस्ता, उत्तर अटलांटिक समुद्र आणि मुख्य म्हणजे कॉपरटोन हे अमेरिकन सनस्क्रीन, तेही १९६७ सालचं. समुद्र सहासष्टचा आणि क्रीम सदुसष्टचं, हा हिशेब कसा बसला ते त्यालाच ठाऊक. पण साल लिहायला लाज वाटत नाही, ही यातली गंमत. आपल्याकडे एवढ्या बारकाईने साल फक्त लोणच्याच्या बरणीवर लिहितात.

मेजों मार्जिएला या फॅशन कंपनीच्या 'बीच वॉक'ची (२०१२) चिठ्ठीही अशीच : 'काल्वी, १९७२'. काल्वी हे फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरचं गाव. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाचं दूध, अंगावर सुकलेलं मीठ. आता महाराष्ट्रात कुणाही सत्तरीच्या माणसाला '१९७२ चं ऊन' एवढंच म्हणून बघा. त्याच्या डोळ्यांपुढे काल्वी येणार नाही. बाहत्तरचा दुष्काळ येईल, फोडायला दिलेली खडी येईल, सुकडी येईल, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी येतील. ऊन तेच, साल तेच. पण त्या उन्हाची बाटली भरून विकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी गिऱ्हाईक कुठून आणणार?

या सगळ्या प्रकाराची सुरुवात मात्र परफ्यूमने केलीच नाही. सुरुवात झाली तेलाने, म्हणजे आजीचा अंदाज फार चुकीचा नव्हता. १९२० च्या दशकापर्यंत युरोपातल्या श्रीमंत बायका उन्हापासून तशाच पळत, जशी आजही पुण्यातली मुलगी स्कूटरवर बसण्याआधी पळते. गोरी कातडी म्हणजे घरात बसून खाणारी, करपलेली म्हणजे शेतात राबणारी. मग गिरण्या-कारखाने आले, राबणारे छपराखाली गेले आणि पांढरेफटक पडले. आता उन्हात पडून राहायला ज्याच्याकडे वेळ आहे तो श्रीमंत ठरला. पॅरिसची फॅशनवाली कोको शनेल भूमध्य समुद्रावरून रापून परतली आणि फॅशन पालटली, असं सांगतात. एका बाईच्या रापण्याने शंभर वर्षांचा बाजार उभा राहिला हे जरा जास्तच गोड वाटतं, पण दशक तेच होतं हे खरं.

झाँ पातू हा पॅरिसचा कपडेवाला तेव्हा तयारच बसला होता. १९२७ साली त्याने 'युइल द काल्दे' नावाचं अंगाला लावायचं तेल काढलं. उन्हात बसताना लावायचं. बायका समुद्रावरून घरी आल्या, तरी तेलाचा वास सोडवेना. शेवटी त्याने त्याच वासाचं 'काल्दे' नावाचं परफ्यूम करून दिलं. म्हणजे आजीने ठाण्यात जो प्रश्न विचारला, तो पॅरिसच्या गिऱ्हाइकांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी उलट्या बाजूने विचारला होता : तेलच का लावायचं?

मग आला यूजेन श्युएलेर. केसांच्या कलपापासून धंदा सुरू करून लोरेआल उभी करणारा हा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यावर 'आम्ब्र सोलेर' बाजारात आणलं आणि नशीब असं, की १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये लेआँ ब्लुमच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला निघालेल्या घरांच्या पिशव्यांत ही बाटली गेली. गुलाब, मोगऱ्याच्या जातीची फुलं, गोडसर ऊब. त्या पिढीला हा वास सुटीचा वास म्हणून कायमचा चिकटला. अमेरिकेत तेच काम कॉपरटोनने केलं. मायामीचा औषधविक्रेता बेंजामिन ग्रीन याच्यापुढे युद्धातल्या वैमानिकांसाठीचं एक तांबडं, चिकट मलम होतं. मूळ जनावरांच्या डॉक्टरांचं, व्हॅसलीनचा दांडगा चुलतभाऊ म्हणावं असं. ग्रीनने त्यात कोकोचं लोणी आणि खोबरेल तेल कालवलं, वास मोगऱ्याच्या अंगाचा दिला आणि १९४४ साली लोकांच्या हाती ठेवलं. प्रयोग त्याने स्वतःच्या टकलावर केले, अशी कथा आहे. टकलाला खोबरेल तेल लावणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात कुणी संशोधक म्हटलं नसतं, "आता काय उपयोग?" एवढंच म्हटलं असतं.

मराठी माणसाची सनस्क्रीनशी पहिली ओळख मात्र वासाने झालीच नाही. ती झाली टीव्हीवर. दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन डोनाल्ड गोलंदाजीला धावत येई, तेव्हा त्याच्या नाकागालांवर पांढरे पट्टे असत आणि चाळीतल्या एकाच टीव्हीसमोर बसलेली वीस माणसं एकमुखाने विचारत, की याने तोंडाला चुना का फासलाय? पुढे ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स ओठांना तेच लावून आला, तेव्हा निदान 'ते झिंकचं मलम असतं' एवढं सांगणारा एक जाणकार प्रत्येक चाळीत तयार झाला होता. झिंकला सांगण्यासारखा वास नाही. असता तरी तो जोहान्सबर्गहून इथवर येण्याची सोय नव्हती.

आणि इथलं खरं सनस्क्रीन कापडाचं असतं. पुण्यात डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, वर गॉगल, खांद्यापर्यंतचे हातमोजे, त्यावर पांढरा सनकोट. सिग्नलला उभी असलेली मुलगी कोण हे तिच्या सख्ख्या आईलाही गाडीच्या नंबरवरूनच कळतं. या कवचाला वास असेलच तर धुण्याच्या पावडरीचा. रापणं ही इथे फॅशन कधीच झाली नाही. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" हे वाक्य आजही बिनदिक्कत बोललं जातं आणि त्याच्या जिवावर क्रीमांचा एक वेगळाच, फारसा सुगंधी नसलेला बाजार चालतो.

आता बाटलीत नेमकं असतं काय ते पाहू, कारण इथे गंमत दाट होते.

नारळाचा जो गोड, मलईदार वास या परफ्यूमांत येतो तो बहुतेक वेळा नारळाचा नसतोच. तो येतो गॅमा-नोनालॅक्टोन नावाच्या रसायनाचा. या धंद्यातले लोक त्याला 'अल्डिहाइड सी-१८' म्हणतात. नाव ऐकून वाटतं, की हे अल्डिहाइड असेल आणि त्यात कार्बनचे अठरा अणू असतील. ते अल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनचे अणू नऊ आहेत. नाव खोटं, आकडा दुप्पट आणि नारळही नाही. तरी माल खपतो.

फुलांची बाजू जरा खरी आहे. ताहितीचं तियारे हे फूल आपल्या अंगणातल्या अनंताचं भावंड, एकाच गार्डेनिया प्रजातीतलं. ही फुलं खोबरेल तेलात मुरवली की होतं मोनोई. त्याला फ्रान्सने १९९२ साली कायद्याने नाव राखून दिलं आणि रीतही ठरवली : लिटरभर तेलात निदान दहा फुलं, निदान दहा दिवस. ठाण्याची आजी घरी जास्वंदीची फुलं, माका आणि ब्राह्मी घालून जे तेल उकळते, त्याची फुलं कुणी मोजलेली नाहीत आणि दिवसही. प्रमाण विचारलं तर "अंदाजाने" हे एकच मिळतं. पण कल्पना तीच. तिकडे ते तेल अंगाला लावून वाळूत पडतात, इकडे डोक्याला लावून शाळेत पाठवतात. दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर ओघळणारं तेल, हा ज्यांच्या नाकाचा इतिहास आहे, त्यांना खोबऱ्याचा वास आला की काल्वीची लाट दिसण्याऐवजी सकाळची प्रार्थना ऐकू येते.

इलांग-इलांग हे आणखी एक फूल या बाटल्यांत हमखास असतं. ते सीताफळाच्या कुळातलं, म्हणजे आपल्या हिरव्या चाफ्याचं नातेवाईक. त्याच्या तेलात बेंझिल सॅलिसिलेट नावाचं द्रव्य असतं आणि सगळ्या कथेची किल्ली या द्रव्यापाशी आहे. जुन्या काळी, १९२८ च्या सुमारास, अमेरिकेत निघालेल्या पहिल्यावहिल्या सनस्क्रीनमध्ये ऊन अडवण्याचं काम हेच करत होतं. म्हणजे तो वास क्रीमला वरून लावलेला नव्हता. तो कामावरच्या माणसाच्या घामासारखा होता. पुढे ऊन अडवायला जास्त चांगली रसायनं आली आणि बेंझिल सॅलिसिलेटची ती नोकरी गेली. वास मात्र लोकांना हवा होता. आता ते परफ्यूममध्ये बसून जुन्या नोकरीच्या आठवणी सांगतं. गंमत पुढेच आहे : कित्येक नाकांना हे द्रव्य जवळजवळ जाणवतच नाही. एकाच खोलीत एका बाईला भूमध्य समुद्र दिसत असतो आणि तिचा नवरा विचारत असतो, की तू काही लावलंयस का?

समुद्राचं काय? खऱ्या समुद्राचा वास बराचसा डायमिथिल सल्फाइड या वायूचा असतो. तो पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. तोच वायू उकडलेल्या कोबीतही असतो, त्यामुळे तो बाटलीत फारसा कुणी भरत नाही. त्याऐवजी 'कॅलोन' भरतात. फायझर या औषध कंपनीच्या हाती १९६६ साली लागलेलं हे रसायन कलिंगड आणि कालवं यांच्या मधल्या कुठल्यातरी वासाचं आहे. फ्रेंचांना त्यात सागरी वारा जाणवला. वर्सोव्याच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की किनाऱ्याचा वास म्हणजे दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. त्यात थोडं डिझेल, ओली जाळी आणि संध्याकाळी भाजलेलं कणीस, लिंबू-तिखट लावून. बाटलीतल्या बीचवर एकही मासा मेलेला नसतो. कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर असा समुद्र सापडला तर गावकरी आधी घाबरतील आणि मग मत्स्यविभागाला कळवतील.

नारळ आणि समुद्र एकत्र येण्याचा इकडे एकच हक्काचा दिवस आहे : नारळी पौर्णिमा. कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात, होड्या सजतात, घरोघरी नारळीभात शिजतो. पण तो दिवस श्रावणातला. आभाळ भरलेलं, ऊन असलंच तर पाहुण्यासारखं. म्हणजे परफ्यूमवाल्यांनी जमवलेली जोडी आपण शेकडो वर्षांपासून ओळखतो, फक्त छत्री घेऊन.

खरा फरक उन्हाळ्याचा आहे. उत्तर युरोपात सूर्य ही सणासुदीला येणारी वस्तू. तो आला की लोक कपडे काढून बागेत आडवे होतात आणि तो गेला की त्याचा वास विकत घेतात. आपल्याकडे सूर्य चार महिने घरजावयासारखा ठाण मांडून असतो, त्याच्या वासाची कुणाला हौस असणार? म्हणून इथले उन्हाळी सुगंध सगळे उन्हाकडे पाठ करून बसलेले. वाळ्याची जुडी माठात, वाळ्याचे पडदे दाराला, मोगऱ्याचा गजरा पाण्यात, कैरीच्या पन्ह्यात वेलची. कनौजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगीत घालून, त्यांचा वास चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी अत्तर' करतात. तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडतो, तो वास. युरोपातला माणूस डिसेंबरात जुलै हुंगतो. भारतातला माणूस मेमध्ये सात जून हुंगतो.

हे कळायला ठाण्याच्या भाचीला एप्रिल उजाडावा लागला. तिने दोन फवारे मारले आणि सकाळची फास्ट लोकल पकडली. थंड खोलीत जो वास हळूहळू उलगडतो तो घामट उकाड्यात एकदम अंगावर येतो. उष्णतेने सुगंधी द्रव्यं भराभर उडतात, हा साधा हिशेब. मुलुंड येईपर्यंत लेडीज डब्यात नारळ पसरला. घाटकोपरला एका बाईंनी आपली पिशवी उचलून पाहिली, तेलाची बाटली सांडली की काय म्हणून. दादरला उतरताना दुसऱ्या बाईंनी आपुलकीने सांगितलं, "केसांना तेल रात्री लावावं गं, सकाळी धूळ बसते."

आणि उन्हाचं म्हणाल तर या परफ्यूमने ऊन अडत नाही, हे वेगळं सांगायला नको. सांगायला हवं ते उलटं आहे. अशा परफ्यूमांत सुरुवातीचा ताजा, लिंबासारखा झुळका आणायला बऱ्याचदा बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीचं तेल घालतात. त्यात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर तिथे काळपट डाग उमटतो. जुन्या काळी बायका मानेला कोलोन लावून उन्हात जात आणि थेंब जिथून ओघळला तिथे लोलकाच्या आकाराची पट्टी उठे. डॉक्टरांनी त्याला फ्रेंच 'ब्रलोक', म्हणजे लटकन, यावरून नाव दिलं. दागिना फुकट, पण काढता येत नाही. आता या तेलाच्या प्रमाणावर बंधनं आहेत आणि बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेलही मिळतं. तरीही उन्हाच्या वासाचं परफ्यूम कातडीवर लावून उन्हात बसू नये, कपड्यावर मारावं, असाच शहाण्यांचा सल्ला. खुद्द बाटलीलाही ऊन चालत नाही. उजेडाने आणि उकाड्याने परफ्यूम बिघडतं. ते थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचं असतं.

घरातली थंड, अंधारी जागा म्हणजे आजीचं कपाट. लोकलमधल्या सल्ल्यानंतर बाटली तिथेच गेली, पैठणी आणि डांबरगोळ्यांच्या मधल्या कप्प्यात. महिनाभर तिला कुणी हात लावला नाही.

हात लावला तो आजोबांनी. त्यांना गडकरी रंगायतनला नाट्यसंगीताच्या मैफलीला जायचं होतं आणि हिन्याची कुपी संपली होती. त्यांनी कापसाचा बोळा घेतला, त्यावर एक फवारा मारला, फाया वळला आणि सवयीने कानाच्या पाळीत खोचला. तिसऱ्या रांगेत बसले. मध्यंतराची घंटा झाली, तसे शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ त्यांच्याकडे कलले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"मघापासून विचारीन म्हणतोय. वड्या बाहेर काढणार, की घरी नेणार?"